सेकंडहँड शिडाची बोट: रुंद घ्यावी की खोल?

चिखलवाट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडात इसेक्सला, ब्लॅकवॉटरच्या खाडीजवळ राहतो. आजवर क्लबच्या बोटींवर दुसऱ्यांच्या हाताखाली दोर ओढले, आता स्वतःची शिडाची बोट घ्यायची आहे. बजेट अर्थातच सेकंडहँडचं.

सध्या तीन बोटी नजरेत आहेत. एक कॉन्टेसा ३२: सत्तरच्या दशकातली, अंगाने सडपातळ, पाण्याखाली साडेपाच फूट जाणारी. दुसरी वेस्टर्ली सेंटॉर: २६ फुटी, पोटाखाली दोन बाजूंना दोन कील (पाण्यात उतरणारी पाती), तीन फूट पाण्यातही तरंगणारी. तिसरी २००० नंतर बांधलेली ३२ फुटी, मागून ऐसपैस रुंद, आत दोन स्वतंत्र केबिन, बाथरूममध्ये उभं राहून अंघोळ करता येईल एवढी जागा. घरच्या आघाडीवर तिसरीचं पारडं जड आहे.

गंमत अशी की तिन्ही मालक छातीठोकपणे सांगतात, आमच्याइतकी स्टेबल बोट नाही. तिन्ही बोटींचे आकार तर एकमेकींशी अजिबात जुळत नाहीत. मग खरं कोण बोलतंय? शनिवार-रविवार खाडीत, आणि उन्हाळ्यात एखादी फेरी बेल्जियम किंवा हॉलंडला, एवढाच वापर. माझं मूरिंग (बोट बांधायची जागा) ओहोटीला कोरडं पडतं, बोट सरळ चिखलात बसते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.


झुळूक

रुमाल टाकून ठेवते. मला पोहताही येत नाही, पण धागा वाचणार.


पीकॉक_बे

तिघंही खरं बोलत असतील. प्रत्येक जण वेगळ्या स्थिरतेबद्दल बोलतोय.

बोटीला सरळ ठेवणारी शक्ती दोन ठिकाणांहून येते. एक रुंदीतून. बोट जरा कलली की कललेल्या बाजूचं पोट जास्त बुडतं, पाण्याचा वर ढकलणारा जोर त्या बाजूला सरकतो आणि बोटीला परत उभी करतो. हा परिणाम रुंदीच्या घनाने वाढतो: लांबी तीच ठेवून रुंदी दुप्पट केली तर आठपट. म्हणून तुमच्या तिसऱ्या बोटीच्या काठावर कुणी उभं राहिलं तरी ती फारशी हलणार नाही. मालक त्यालाच स्टेबल म्हणतोय.

दुसरी शक्ती वजनातून. कीलमध्ये शिसं किंवा लोखंड भरून गुरुत्वमध्य खाली ओढलेला असतो. हा जोर पाच-दहा अंशांना फारसा जाणवत नाही, पण बोट आडवी होत जाईल तसा वाढत जातो आणि डोलकाठी पाण्याला टेकायच्या बेताला सगळ्यात जास्त असतो. तंजावरची डुलणारी बाहुली आठवा. कॉन्टेसाच्या एकूण वजनाचा जवळपास ४७ टक्के भाग बॅलास्ट, म्हणजे हे तळाचं वजन आहे. ती वाऱ्याच्या पहिल्या झोतात वीस अंश पटकन कलेल, नवख्या माणसाचे डोळे पांढरे होतील, आणि मग तिथेच घट्ट बसेल.

रुंदीचा जोर याच्या उलट वागतो. सुरुवातीला भरपूर, पण डेकचा काठ पाण्याखाली गेला की ओसरायला लागतो, आणि बोट पूर्ण पालथी झाली तर तीच रुंदी तिला पालथी धरून ठेवते. किती अंशांपर्यंत बोट स्वतःहून परत येईल याला एव्हीएस म्हणतात. कॉन्टेसाचा हा कोन दीडशेच्या पुढे आहे. आजच्या रुंद फॅमिली बोटींचा साधारण ११५ ते १२५.


फुकट_फौजदार

लॉकडाउननंतर माझा गुरुत्वमध्य आणि रुंदी दोन्ही वाढल्याने मी सर्व कोनांत स्थिर आहे. विशेषतः आडवा.


नाखवा_वर्सोवा

@पीकॉक_बे, छान समजावलंत. एक भर घालतो. कील म्हणजे वजन, असा समज बऱ्याच लोकांचा असतो. तुम्ही एनडीएत खडकवासल्याला एंटरप्राइज ही छोटी शिडाची बोट चालवली असणार, तिला खाली नुसतं फळीसारखं सेंटरबोर्ड असतं, त्यात वजन काहीच नाही. मग ते कशाला? कारण वारा आडवा आला की बोट पुढे कमी आणि बाजूला जास्त सरकेल. पाण्याखालचं ते पातं थोडं तिरकं पाण्यात घुसतं, विमानाच्या पंखासारखा त्यावर जोर तयार होतो, आणि बाजूचं सरकणं तीन-चार-पाच अंशांवर आटोक्यात येतं. वाऱ्याच्या अंगावर चढत जाता येतं ते या पात्यामुळे. एंटरप्राइजमध्ये वजनाचं काम माणसं करतात, काठाबाहेर लटकून.

म्हणजे कीलच्या गळ्यात दोन नोकऱ्या: पंख व्हायचं आणि ओझं व्हायचं. डिझायनरचं सगळं भांडण या दोन नोकऱ्यांमधलं. पंख लांब, अरुंद आणि खोल असला तर कमी ओढाताणीत जास्त जोर देतो. पण तेवढं खोल पाणी सगळीकडे कुठे आहे?


देवगडचा_हापूस

आमच्याकडच्या उलांडीच्या होडीला ना कील ना निरम (बॅलास्ट). होडी एवढी अरुंद की आत दोन माणसं शेजारी बसू शकत नाहीत. एका अंगाला दोन दांड्यांच्या टोकाला लाकडाचा ओंडका बांधलेला, तीच उलांडी. वारा भरला की एक जण सरकत दांडीवर जाऊन बसायचा. रुंदीची स्थिरता हवी म्हणून अख्खी होडी रुंद करायची गरज नाही, हे आमच्या लोकांना कॉलेजात न जाता कळलेलं होतं. आता आउटबोर्ड इंजिनं आली, शीड फक्त जुन्या फोटोत.

मोठ्या गलबतांची गोष्ट वेगळी. मंगळूरहून कौलं भरून निघालेलं गलबत कौलांच्या वजनानेच बसलेलं असायचं. माल उतरवून रिकामं परत जायचं तर तळाला दगड नाहीतर वाळू भरायची, नाहीतर शीड उभारायची सोय नाही. आणि ते दगड नीट रचून आवळावे लागत. बोट कलली आणि निरम एका अंगाला घसरलं की खेळ खलास. आजच्या बोटीत ते शिसं बोल्टांनी बाहेरून आवळलेलं असतं एवढाच फरक.


झुळूक

हापूसदादा, यावर वेगळा धागा काढा ना. गलबतं, पडाव, मचवे सगळं येऊ द्या.


आयआयटी_चाळ

गप्पा छान चालल्यात, आकडे मांडतो. कॅप्साइज स्क्रीनिंग नावाचं एक सूत्र आहे: बोटीची कमाल रुंदी फुटांत घ्या, तिला बोटीने बाजूला सारलेल्या पाण्याच्या घनफुटांच्या घनमुळाने भागा. उत्तर दोनपेक्षा कमी आलं तर खोल समुद्राला ठीक, जास्त आलं तर जपून.

कॉन्टेसा: रुंदी साडेनऊ फूट, वजन सुमारे ९५०० पौंड. उत्तर १.७९.
सेंटॉर: रुंदी आठ फूट पाच इंच, वजन सुमारे ६७०० पौंड. उत्तर पुन्हा १.७९!

म्हणजे सुरक्षिततेत दोघी सारख्याच. धागाकर्त्याचं मूरिंग चिखलाचं आहे, सेंटॉर घ्यावी, विषय संपला.


पीकॉक_बे

@आयआयटी_चाळ, एवढ्यात नका संपवू. तुमच्या सूत्रात वजन किती आहे ते आलं, कुठे आहे ते आलंच नाही. कॉन्टेसाचा बॅलास्ट साडेपाच फुटांपर्यंत खाली जातो, सेंटॉरचा तीन फुटांत संपतो. उद्या तुम्ही कीलमधलं सगळं लोखंड काढून डोलकाठीच्या टोकाला बांधलंत तरी हे सूत्र १.७९ च सांगेल.


आयआयटी_चाळ

मुद्दा मान्य, पण मग सेकंडहँड बोट घेणाऱ्याने करायचं काय? दर बोटीमागे नेव्हल आर्किटेक्ट नेमायचा? चाळणी म्हणून सूत्र वाईट नाही.


पीकॉक_बे

चाळणी म्हणून घ्या, निकाल म्हणून नको. त्या मॉडेलचा स्थिरतेचा आलेख कुठे मिळतोय का ते बघा. आडवा अक्ष कलण्याचा कोन, उभा अक्ष परत उभी करणारी भुजा. आलेख शून्याच्या खाली जातो तिथून पुढचा भाग आधी बघा. तो भाग मोठा आणि खोल असेल तर उलटलेली बोट उलटीच राहायला राजी आहे. युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या बोटींना आयएसओ १२२१७ प्रमाणे स्थिरतेचे आकडे द्यावे लागतात, त्यामुळे तिसऱ्या बोटीचे आकडे सापडायला हरकत नाही. जुन्या दोघींचे मालकांच्या संघटनांकडे विचारा.


सौ_समुद्रे

१९७९ ची फास्टनेट शर्यत कुणी काढली नाही अजून? ३०३ बोटी निघाल्या, वादळात १५ शर्यतपटू गेले, २४ बोटी सोडून द्याव्या लागल्या, त्यांतल्या ५ बुडाल्या. त्या काळच्या शर्यतीच्या मोजमापाच्या नियमांत रुंद पोट, निमुळती टोकं आणि हलका बॅलास्ट फायद्याचा ठरायचा, म्हणून डिझायनर तशाच बोटी काढत होते. त्यातल्या काही लाटेने उलटल्यावर मिनिटं-मिनिटं पालथ्या राहिल्या. आणि सगळ्यात लहान बोटींच्या गटात शेवटपर्यंत पोचलेली एकमेव बोट कोणती? कॉन्टेसा ३२. चिखलवाटभाऊ, तुमच्या यादीतली पहिली.


ऑकलंडकर

अहो ताई, धागाकर्ता शनिवार-रविवार खाडीत फिरणार आहे, फास्टनेटला नाही. १९७९ चं भूत दाखवून माणसांना ओलसर, अंधाऱ्या, गुहेसारख्या बोटी किती दिवस विकायच्या?

मी गेली बरीच वर्षं हौराकी आखातात रुंद मागचं टोक असलेली बोट चालवतोय. कॉन्टेसाची पाण्यातली लांबी फक्त २४ फूट. डोकं थंड ठेवून हिशेब केला तरी अशा बोटीचा वेग पाण्यातल्या लांबीच्या वर्गमुळाच्या १.३४ पटीच्या आसपास अडतो: साडेसहा नॉट. तिसऱ्या बोटीची पाण्यातली लांबी २९ फूट धरली तर सव्वासात. हार्विचहून हॉलंड शंभरेक सागरी मैल. सुमारे दीड तासाचा फरक, तोही सगळं जमून आलं तर. शिवाय मागचं टोक रुंद आणि सपाट असलं की वारा पाठीमागून असताना बोट लाटेवरून घसरत जाते, वेगाची ती मर्यादाही मागे पडते. जुन्या निमुळत्या बोटी स्वतःच केलेल्या लाटेच्या खड्ड्यात बसून राहतात.

आणि सरळ उभी राहणारी बोट म्हणजे स्वयंपाक होतो, पोरं झोपतात, बायको पुढच्या वेळीही येते. याला स्थिरता म्हणत नाहीत का?


सौ_समुद्रे

बायको स्वतःही बोट चालवत असू शकते हो.


ऑकलंडकर

हलके घ्या ताई. आमच्याकडे तीच चालवते, मी भांडी घासतो.


नाखवा_वर्सोवा

ऑकलंडकरांचा वेगाचा मुद्दा बरोबर, पण त्या रुंद ढुंगणाची किंमतही सांगा. बोट कलली की पुढचं टोक निमुळतं आणि मागचं रुंद, त्यामुळे मागचा भाग वर उचलला जातो, नाळ खाली दबते आणि मधोमध बसवलेलं सुकाणू अर्धवट हवेत येतं. मग वाऱ्याचा एक जोरदार झोत आला की सुकाणू पूर्ण दाबून धरलं तरी बोट आपोआप वाऱ्याकडे तोंड फिरवते. आताच्या नव्या बोटींना दोन-दोन सुकाणू देतात ते मिरवायला नाही, कललेल्या बाजूचं तरी पाण्यात राहावं म्हणून. तिसऱ्या बोटीला सुकाणू एकच असेल तर शीड वेळेत आखूड करायची सवय लावून घ्या. कॉन्टेसा तुमची चूक पदरात घेते, ही घेणार नाही.

आणखी एक. पोट सपाट असलं की वाऱ्याच्या अंगावर जाताना बोट दर लाटेवर आपटते. तुमच्याकडे टेम्सच्या मुखाशी वाळूचे बांध, उथळ पाणी आणि वारा भरतीच्या उलट आला की आखूड, उभ्या लाटा. तिथे हे आपटणं दात खिळखिळे करेल.


जुनं_ते_सोनं

यादीत लाँग कीलची बोट का नाही? सगळ्या लांबीभर चालणारी कील, तिच्याच मागच्या कडेला टांगलेलं सुकाणू. फोकबोट बघा. सुकाणू सोडून चहा करून या, बोट आपली सरळ चाललेली असते. मासेमारीचं जाळं किंवा दोर अडकत नाही. वादळात शीड उलटं बांधून शांत उभी करता येते. फिन कीलच्या (मधोमध आखूड पात्याच्या) बोटी सारख्या डोकं फिरवत राहतात. समुद्रात जायचं तर लाँग कील, बाकी सगळी फॅशन.


ऑकलंडकर

आणि मरिनात रिव्हर्स घेताना? शेजारच्या बोटीची क्षमा मागत मागत? वाऱ्याच्या विरुद्ध टॅक घेताना (बाजू बदलून वळताना) मधेच अडकून बसणं? झुळूक पडली की तिथेच तरंगणं? पाण्याला घासणारा पृष्ठभाग दीडपट केल्यावर दुसरं काय होणार.


मांडवीकाठ

लाँग कीलचा विषय निघालाच आहे तर आपल्याकडचीच गोष्ट सांगतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली ती सुहैली मुंबईत बांधलेली. सागवानी, ३२ फुटी, लाँग कीलची. त्याच शर्यतीच्या आठवणीत २०१८ ला गोल्डन ग्लोब शर्यत झाली, तेव्हा नियमच होता: डिझाइन १९८८ च्या आधीचं, पूर्ण लांबीची कील, सुकाणू कीलच्या मागच्या कडेला. अभिलाष टॉमी त्यासाठी थुरिया घेऊन गेले. सुहैलीची प्रतिकृती, गोव्यात बांधलेली.

सप्टेंबर २०१८ ला दक्षिण हिंदी महासागरात तिला वादळाने उलटवलं, डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला गंभीर इजा झाली. फ्रेंच गस्तीनौका ओसिरिसने त्यांना उचललं. बोट परत सरळ झाली होती हे खरं. पण कीलच्या लांबीने उलटणं टळलं नाही. पुढे २०२२ च्या शर्यतीत तेच टॉमी लाँग कीलच्याच रस्टलर ३६ वर दुसरे आले. एकाच प्रकारच्या कीलवर दोन्ही निकाल.

आमच्याकडची म्हादेई मात्र वेगळ्या जातीची. दिवाडीला रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, डच डिझाइन, ५६ फूट, २३ टन. तिच्यावर दिलीप दोंदे २००९-१० मध्ये आणि टॉमी २०१२-१३ मध्ये प्रदक्षिणा करून आले, टॉमी तर न थांबता. तिचीच बहीण तारिणी, तिच्यावर नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ ला आणि पुन्हा २०२४-२५ ला प्रदक्षिणा केली. लांबी आणि वजन हीसुद्धा स्थिरताच आहे. ३२ फुटीला जी लाट उलटवते तिच्यावरून ५६ फुटी फक्त हेलकावा खाऊन जाते.


पीकॉक_बे

मांडवीकाठांनी फार महत्त्वाचं लिहिलंय. १९७९ नंतर टाकीत मॉडेलं सोडून प्रयोग झाले, त्यातून साधारण असं दिसलं की बोटीच्या लांबीच्या साठ टक्के उंचीची फुटणारी लाट आडवी बसली तर जवळपास कुठलीही बोट उलटते. कील लांब असो की आखूड. ३२ फुटी बोटीला हे एकोणीस फूट होतं. म्हणजे हलच्या (बोटीच्या सांगाड्याच्या) आकाराने ठरतं ते मुख्यतः उलटल्यावर किती लवकर परत येणार हे, आणि त्याहून लहान लाटांत काय होणार हे.

डोलकाठी मोडण्याचाही एक विचित्र हिशेब आहे. वर वजन नको असं आपण म्हणतो, पण उंच डोलकाठीमुळेच बोट बाजूला गिरकी घ्यायला वेळ लावते. ती मोडली की बोट पटकन डुलू लागते आणि पुढच्या लाटेला आणखी सहज उलटते.


जुनं_ते_सोनं

तरीही लाँग कील लाटेच्या धडकेत बाजूला घसरत नाही, पाय रोवून उभी राहते.


नाखवा_वर्सोवा

आणि काही जण म्हणतात तेच वाईट. पाय रोवला की वरचा भाग ढकलला जाऊन बोट अडखळून पडते. उथळ कील असेल तर लाटेबरोबर बाजूला घसरते, जोर वाया जातो. कील वर ओढून घेता येणाऱ्या फ्रेंच ॲल्युमिनियमच्या बोटी याच तर्कावर अंटार्क्टिकापर्यंत जातात. या वादाचा निकाल आपण इथे लावणार नाही.


झुळूक

रच्याकने, पालथ्या राहिलेल्या बोटीचं खरं उदाहरण आहे का? मला चित्रच डोळ्यांपुढे येत नाहीये. खाली एवढं जड लोखंड वर हवेत, आणि तरी सरळ होत नाही?


पीकॉक_बे

आहे. फेब्रुवारी १९९९, दक्षिण प्रशांत महासागर. इझाबेल ओतिसिए जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत होत्या, पीआरबी नावाची साठ फुटी बोट. रुंद, सपाट डेक. बोट पालथी झाली आणि कील जागेवर असूनही तशीच राहिली. त्या आत अडकल्या. जोवान्नी सोल्दिनी आपली शर्यत सोडून मागे वळले आणि त्यांना घेऊन गेले. त्या दशकात अशा घटना घडत गेल्या म्हणून त्या वर्गात बोट खरोखर उलटी करून सरळ होते का बघायची चाचणी नियमांत आली.


फुकट_फौजदार

सोल्दिनींनी वळून बघितलं, मग बोट वळवली. आमच्या हिंजवडीच्या सिग्नलला कुणी आरशात पण बघत नाही.


सह्याद्री_गडी

शिवरायांच्या आरमाराचा उल्लेख एकानेही करू नये? आपली गलबतं, गुराबा इंग्रजांना पुरून उरल्या. त्यांच्या खोल कीलच्या जहाजांना आपल्या खाड्यांत घुसताही येत नव्हतं. हे तंत्रज्ञान आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी होतं.


देवगडचा_हापूस

गडी, अभिमान मलाही आहे, विजयदुर्ग आमच्या तालुक्यातच. पण गुराब रुंद आणि उथळ होती ती किनाऱ्याचं युद्ध करायला. वारा पडला की गलबतांनी वल्ह्यांनी ओढत न्यायची, शत्रूच्या जहाजाच्या मागून तोफा डागायच्या, जोर वाढला की खाडीत शिरायचं. त्यासाठी ती रचना उत्तम. भर समुद्रात वाऱ्याच्या अंगावर चढत जायचं झालं तर खोल जहाज वरचढ होणारच. पावसाळ्यात तर आपली सगळी जहाजं किनाऱ्यावर ओढलेली असायची, नारळी पौर्णिमेपर्यंत. आंग्र्यांना कुठल्या पाण्यात लढायचं ते कळलं होतं, आणि जहाजं त्या पाण्यासाठी बांधली होती. यात कमीपणा काय?


सह्याद्री_गडी

कमीपणा म्हटलंच नाही. +१.


मांडवीकाठ

अवांतर: कीलने इतिहास बदलला तो १९८३ ला. अमेरिका कप हा शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा चषक १३२ वर्षं न्यूयॉर्कच्या क्लबात स्क्रूने आवळून ठेवलेला. ऑस्ट्रेलिया २ च्या कीलला खाली पंख होते, ऑस्ट्रेलियनांनी बोट पाण्याबाहेर काढली की कील कापडाने झाकून ठेवायची. बेन लेक्सन यांचं डिझाइन. नियमाने खोली मर्यादित, म्हणून कीलच्या टोकाशी वाया जाणारा जोर त्या पंखांनी वाचवला, आणि वजनही अगदी तळाशी गेलं. ४-३ ने जिंकले.


आयआयटी_चाळ

मग धागाकर्त्याने पंखवाली उथळ कील घ्यावी का? तीन फुटांत साडेपाच फुटांचं काम.


चिखलवाट

नको! इकडे क्लबात सांगतात, पंखवाली कील चिखलात रुतली की नांगरच होते. ओहोटी लागली की पंखांवर चिखलाचा थर, आणि भरती आली तरी सुटता सुटत नाही.

सगळ्यांचे आभार. बऱ्याच गोष्टी डोक्यात नीट बसल्या. मधल्या काळात दोन बोटींवर जाऊन आलो. कॉन्टेसा तुम्ही म्हणालात तशीच: खाडीबाहेर पडल्या पडल्या कलली, मग तिथेच स्थिर. लाटेतून कापत जाते, आपटत नाही, पण डेकवरचे सगळे चिंब. आत उभं राहिलं की खांदे दोन्हीकडे लागतात. तिसरी बोट नांगरावर अगदी घरासारखी, पण शेजारून मोटरबोट गेली तेव्हा झटक्यात डुलली आणि झटक्यात थांबली. बायकोच्या पोटात त्या झटक्याने कालवलं, कॉन्टेसावर झालं नव्हतं.


पीकॉक_बे

त्यांना मळमळलं यात नवल नाही. सुरुवातीची ताठरता जितकी जास्त तितका डुलण्याचा वेग जास्त. लाटेचा पृष्ठभाग तिरका झाला की रुंद बोट त्याच्या काटकोनात उभी राहायचा हट्ट धरते. जड, अरुंद बोट सावकाश डुलते.


सौ_समुद्रे

म्हणजे आता तिसरी बाद? घरच्या आघाडीवर?


चिखलवाट

तिसरी जवळपास बाद. पण कॉन्टेसाही अडचणीची आहे, कारण माझं मूरिंग. साडेपाच फुटांची एकेरी कील चिखलात बसली की बोट आडवी होणार. तिच्यासाठी खोल पाण्याची जागा घ्यावी लागेल, मरिनाचं वार्षिक भाडं बघून छातीत धस्स झालं. म्हणून पुन्हा सेंटॉरकडे वळतोय. प्रश्न एवढाच: दोन कीलमुळे चालण्यात किती मार बसतो?


नाखवा_वर्सोवा

वाऱ्याच्या अंगावर जाताना बसतो. प्रत्येक पातं आखूड, म्हणून पंख म्हणून कमजोर, आणि दोन पात्यांमुळे घर्षण जास्त. कॉन्टेसापेक्षा वाऱ्याशी थोडा मोठा कोन करून चालावं लागेल, आणि त्यातही बाजूला जास्त सरकाल. वारा बाजूने किंवा पाठीवर घेऊन जाताना फरक फार नाही. सेंटॉर दोन हजारांहून जास्त बनल्या, त्यातल्या कितीतरी तुमच्यासारख्याच चिखलाच्या मूरिंगवर वापरल्या गेल्या. शेजारी मॉल्डनच्या धक्क्यावर टेम्सचे जुने शिडाचे बार्ज पाहिले असतील. त्यांचा तळ तर पूर्ण सपाट, कील नाहीच, बाजूला टांगलेल्या मोठ्या फळ्या खाली सोडून वाऱ्याशी भांडायचे. शंभर वर्षं त्या खाड्यांत माल वाहिला. तुमच्या पाण्याला उथळ बोट शोभते.

हॉलंडला जाताना हवेचा अंदाज बघून दिवस निवडा. पूर्वेचा वारा असेल तर घरी बसा.


ऑकलंडकर

मीही नाखवांच्या बाजूने. मत बदललेलं नाही, रुंद बोट मला आजही प्रिय. पण चिखलात बसवायची असेल तर दोन कीलच.


जुनं_ते_सोनं

फोकबोट बघितलीत का पण?


चिखलवाट

नाही बघितली आणि बघणारही नाही, मोह पडेल. आता सेंटॉरच्या सर्व्हेचं बोलू. २०१४ ला चीकी रफिकी नावाच्या बोटीची कील अटलांटिकच्या मधोमध सुटली, चौघं गेले, ते वाचल्यापासून झोप उडालीय. माझ्या बोटीला तर दोन कील, म्हणजे भीती दुप्पट. सर्व्हेयरला काय काय बघायला सांगू?


नाखवा_वर्सोवा

आधी विक्रेत्याला विचारा, बोट कधी जोरात जमिनीला लागली होती का, आणि कीलचे बोल्ट कधी काढून बघितलेत का. कागद असतील तर मागा. नुसतं 'सगळं ठीक आहे' चालणार नाही.

दोन कीलच्या बोटीत खरा ताण चिखलात बसताना येतो, समुद्रात नाही. दोन्ही पाय बोटीच्या वजनाने बाहेरच्या बाजूला फाकायला बघतात, आणि रोज दोनदा, वर्षानुवर्षं. म्हणून कील जिथे हलला मिळते तिथे आतून-बाहेरून बघायचं. आत फळ्या उचलून बोल्टांभोवती गंजाचे ओघळ, फायबरमध्ये केसासारख्या भेगा. बाहेर कीलच्या मुळाशी रंगाची रेघ फुटलेली आहे का. लोखंडी कील असेल तर वरवरचा गंज चालतो, सांध्यातून गळणारं तांबडं पाणी चालत नाही.

आणि सर्व्हे बोट चिखलात उभी असताना करू देऊ नका. क्रेनने पट्ट्यांवर उचलून घ्या, दोन्ही कील हवेत लटकत असताना एकाने खालून कीलचं टोक हातांनी जोरात पुढेमागे, आतबाहेर हलवायचं आणि दुसऱ्याने आत टॉर्च घेऊन बोल्टांवर नजर ठेवायची. मग तीच बोट जमिनीवर टेकवताना पुन्हा सांधा बघायचा, वजन आल्यावर भेग उघडते का ते. क्रेनचे पैसे विक्रेता देणार नाही, तुम्हीच द्या.